नरकचतुर्दशीच्या खुनाचं पारायण

गुलाबरावांनी त्या दिवाळीत खुनाची कादंबरी घरात आणली, ती केवळ करंज्यांपायी.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. वाशीमजवळच्या अनसिंगला त्यांच्या घरी ओसरीवर फराळाचं चाललं होतं आणि गुलाबराव करंज्यांचं सारण बरोबर झालंय की नाही हे पुन्हापुन्हा तपासत होते. (तपासून तपासून परात निम्मी झाली होती.) शेवटी त्यांची बायको पंचफुला वैतागली.

"नुसतं चाखून राह्यले! त्यापरीस बसून काही वाचून तरी दाखवा."

ही सूचना गुलाबरावांना एकदम पटली. वाचायचं म्हणजे कढईजवळ बसायचं, आणि कढईजवळ बसायचं म्हणजे पहिली करंजी आपली. वाशीमला रवा-साखर आणायला गेले तेव्हा त्यांनी तिथल्या वाचनालयातून 'नरकचतुर्दशीचा खून' ही कादंबरी आणली. सगळ्या वऱ्हाड प्रांतानं वाचून पार खिळखिळी केलेली. भल्या पहाटे घरचा यजमान उटणं लावून घेतो, पाटावरच कोसळतो, आणि घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं. मग एक हेर येतो, फराळ करतो आणि तपास करतो.

पण एक घोटाळा पहिल्याच दिवशी झाला. गुलाबराव दर चातुर्मासात त्याच ओसरीवर, त्याच आवाजात पोथी वाचत. त्यामुळे त्यांच्या आईनं, गोजराबाईनं, आवाज ऐकताच चौरंग मांडला आणि पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. ही पोथी नव्हे, असं गुलाबरावांनी तीनदा सांगितलं. "तू वाचून राह्यला म्हणजे पोथीच," म्हातारी म्हणाली आणि हात जोडून बसली.

पुस्तकाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं आपली मतं लिहून ठेवली होती. 'हेर मठ्ठ आहे.' 'इथे मला झोप लागली.' पोथीला टीका असतेच, म्हणून गुलाबराव तीही वाचून दाखवत. मेलेल्या यजमानाविषयी एका पानावर लिहिलं होतं, 'सासरा बावळट, पण मनाने चांगला. याला मारायला नको होते.' ते वाचून गुलाबराव पोट धरून हसले होते.

"लिहिणारा कोणी विद्वान असला पाह्यजे," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

श्रोत्यांची मतंही काही कमी नव्हती. "मानूस मेला, अन् घरात सुतक नाई?" शेजारच्या तुळसाबाईला हा मोठाच अधर्म वाटला. "तो हेर मेल्या घरी चिवडा खाऊन राह्यला!" पंचफुलेचं म्हणणं वेगळं होतं. उटण्यात विष होतं, तर ते चोळणाऱ्याचे हात कसे वाचले? (यावर गुलाबरावांनी पान उलटलं.) तिचा भाऊ रामकिसन दिवाळीसाठी आला होता. घरचे सगळे रडत बसले, मग बैलांना चारा कोण टाकतंय, एवढंच त्याला कळत नव्हतं.

अशात धनत्रयोदशीला लेकीला घेऊन जावई आले, शालिकराम. पहिला दिवाळसण. माणूस शिकलेला, पण अबोल आणि रुसवा नाकावर. लग्नात पंगतीत कुणीतरी "जरा सरका" म्हणालं, तेवढ्यावर त्यांनी वरात दिवेलागणीपर्यंत अडवून धरली होती. आता रुसले तर लेकीला वर्षभर माहेर दिसणार नव्हतं. एकुलती एक पोर. आल्यापासून ती माजघरातून बापाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई लोडाला टेकून वाचन ऐकायला बसले. गोष्ट अगदी शेवटाला आली होती. हेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. "'खुनी याच घरातला आहे,'" गुलाबरावांनी आवाज चढवला आणि पान उलटलं. समोर छापलं होतं, 'खुनी आहे या घरचा जावई!'

त्यांनी पुस्तक मिटलं. "बाकीचं दिवाळी झाल्यावर."

"पोथी अर्धी सोडतं का रे?" गोजराबाई कडाडली. "सणासुदीचं घरावर अरिष्ट आनतं? वाच!"

जावयांनी मान किंचित वर केली. गुलाबरावांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि देवाचं नाव घेऊन सुचेल ते वाचलं.

"'खुनी आहे... या घरचे मामा!'"

रामकिसन ताडकन उठला. "मामाच काहून? मी इथं आहेर घिऊन आलो, अन् तुमी माह्यावर खून घालून राह्यले?"

"अरे, पुस्तकातले मामा! अन् थांब, पुढं लिहिलंय, तो संशय खोटा निघाला. 'खरी खुनी आहे... सासू!'"

पंचफुलेनं झारा खाली ठेवला. "मंग तळा करंज्या तुमीच."

कढईतला घाणा करपू लागला. घामाघूम झालेल्या गुलाबरावांनी शेवटचा आसरा शोधला. आपली आई काही रागावायची नाही. "'नाही! खुनी आहे... आजी!'"

"मंग!" गोजराबाई खूश झाली. "डोकं असलेली तीच एक होती त्या घरात."

"पन त्या गोष्टीतल्या म्हातारीले दिसत नाई," तुळसाबाई मध्ये पडली. "त्या अंधारात तिनं विष कसं कालवलं? असं खोटं पोथीत नसते."

आता घरात खून घालायला माणूस उरला नव्हता. जावई एकटक बघत होते. गुलाबराव डोळे मिटून म्हणाले, "'खून झालाच नाही! सासऱ्यानंच वेंधळेपणानं उंदराचं औषध उटणं समजून स्वतः कालवलं, आणि चव बघायला चाटलं!'"

मग सगळ्यांच्या माना एकदम हलल्या.

"हे पटते," पंचफुला म्हणाली. तिच्या हातांच्या शंकेचंही त्यात उत्तर होतं.

"सासरा म्हनल्यावर असंच होनार," रामकिसन खाली बसला.

"आपल्या गुलाबासारखाच हाय," गोजराबाईनं पुस्तकाला नमस्कार केला आणि समाप्तीचा प्रसाद म्हणून करपलेल्या करंज्या वाटल्या.

दोन दिवसांत पहिल्यांदाच जावयांनी सासऱ्यांपुढे तोंड उघडलं. "शेवट चांगला जमला, मामाजी. छापलेल्यापरीस बरा."

गुलाबरावांच्या हातातली करंजी तशीच राहिली. "म्हणजे... तुमी वाचली हाय?"

"वाशीमले शिकत होतो तवा. पेन्सिलीनं लिहिलेलं माहंच हाय." जावई चक्क हसले! माजघरातून लेकीच्या बांगड्या वाजल्या आणि गुलाबरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. दिवाळसण आता पार पडणार होता. जावयांनी खिशातून पेन्सिल काढली. "पुस्तक द्या जरा. एका जागी भर घाला लागते."

भाऊबीज झाल्यावर जावई खुशीत गेले, लेकीला मागे आठवडाभर ठेवून. पुस्तक परत करण्याआधी गुलाबरावांनी कौतुकानं ते पान शोधलं. 'सासरा बावळट, पण मनाने चांगला. याला मारायला नको होते,' याच्या खाली त्याच अक्षरात नवी ओळ होती.

'मत कायम. आता प्रत्यक्ष पाहिले.'