सत्तावीस नंबरची नळी

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, सोमवारी सकाळी देवयानी खुर्चीतून ताडकन उठली आणि परत बसली. कोलंबियातल्या एका गावातल्या चाळीस माणसांच्या थुंकीच्या नळ्या आणून त्यातल्या डीएनएवरून ती त्यांचे पूर्वज शोधत होती, तेही फक्त आईच्या बाजूचे. आईची आई, तिची आई असं मागं जाताना कुणाचं मूळ तिथल्याच आदिवासी बाईपाशी पोचत होतं, कुणाचं आफ्रिकेत. सत्तावीस नंबरच्या नळीचं मात्र थेट भारतात.

असं काही सापडलं की आधी गाईडला सांगायचं असतं. देवयानीनं आधी सांगलीला फोन लावला.

"अगं बाई!" तिची आई, शुभाताई, ओरडल्या. "आपल्यातली बाई तिकडं पोचली कशी?"

"ते शोधायचंय अजून. कुणाला सांगू नकोस हं, प्लीज."

शुभाताईंनी फक्त भिशीच्या ग्रुपवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी अख्खी कॉलनी पेढे मागायला आली. वडील, पुरुषोत्तमराव, पेढे वाटता वाटता प्रत्येकाला ऐकवत होते, "डोकं आमच्या घराण्याचं. पोरगी पहिल्यापासून माझ्यावर गेलीय." शुभाताई हे गेली सव्वीस वर्षं ऐकत होत्या.

इकडे देवयानीनं निकाल मार्ताला दाखवला. मार्ता तिची गाईड, स्वतः कोलंबियाची.

"छान! पण आधी लॅबमधल्या सगळ्यांच्या डीएनएशी ताडून बघ," मार्ता म्हणाली.

देवयानीनं ताडून बघितलं. सत्तावीस नंबर तंतोतंत जुळला, खुद्द देवयानीशी.

मग तिला आठवलं. नळ्या उघड्या असताना आईचा व्हिडिओ कॉल आला होता. "ते तोंडावरचं काढ जरा. वाळलीस का बघू दे." देवयानीनं मास्क काढला होता आणि आपण वेळेवर जेवतो हे पाच मिनिटं पटवून दिलं होतं, नळ्यांच्या डोक्यावर.

दोन वर्षांचं काम गेलं आणि पीएचडीही गेली, असं धरूनच तिनं मार्ताला सगळं सांगून टाकलं. मार्ता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"माझी आई ताट दाखव म्हणते," ती म्हणाली. "सगळ्यांचे जादा नमुने फ्रीजरमध्ये आहेत. आपणहून सांगितलंस ते बरं केलंस. चाळीसच्या चाळीस पुन्हा तपास. आणि फोन बाहेर."

देवयानीला तिचे पायच धरावेसे वाटले. मार्ता नसती तर आपलं काय झालं असतं, या विचारानं तिला भरून आलं. आता राहिली सांगली.

"आई, हरवलेली बाई वगैरे कुणी नाही. माझीच थुंकी उडाली होती नळीत."

पलीकडे शुभाताईंना तो व्हिडिओ कॉल आठवला.

"मी मास्क काढ म्हटलं म्हणून?"

"काढला मी ना. चूक माझीच."

"मग भारतातलं निघालं ते?"

"ते माझं. म्हणजे तुझंच. हा डीएनए फक्त आईकडून येतो गं. तुझ्याकडून, आजीकडून, पणजीकडून."

"आणि ह्यांचा?"

"बाबांचा काहीच नाही त्यात."

"जरासुद्धा?"

"झीरो."

"देवी, थँक्यू गं बाळा," शुभाताईंचा आवाज भरून आला. "थांब, स्पीकरवर टाकते. अहो, इकडं या जरा! ऐका आणि मग अर्धा किलो पेढे आणा. या वेळी मी वाटणारे."