विचारलं की 'हो' म्हणायचं

मिरचीनं घरातल्या यंत्रांना शिस्त लावली आणि घोळ तिथूनच सुरू झाला. बाबांचा लॅपटॉप, आईचा टॅब, तिचा स्वतःचा फोन! पासवर्ड आता कुणी लक्षात ठेवायचेच नाहीत, ब्राउझरच ते जपून आपोआप भरणार.

"नियम एकच," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ब्राउझर जे विचारेल त्याला 'हो' म्हणायचं."

"लग्नात मी तेवढंच केलं होतं," बाबा पुटपुटले.

फक्त तिघांचे ब्राउझर वेगवेगळे होते आणि एकाच्या पोटातलं दुसऱ्याला कळत नव्हतं, हे मिरचीच्या डोक्यातच आलं नाही.

शनिवारी पाचला नाट्यगृहाच्या साइटवर नव्या नाटकातल्या कलाकारांच्या निवडीसाठी नावनोंदणी उघडणार होती. जागा मोजक्या. मिरचीनं राणीचे संवाद इतके घोकले होते, की आरशालाही ते पाठ झाले असतील. त्या साइटवर तिकिटं काढायचं घरचं खातं एकच, म्हणून तिघांनी तीन खोल्यांतून धडक मारायची ठरली. आधी घुसेल त्यानं मिरचीचं नाव टाकायचं.

पाच वाजले. फोन म्हणाला, पासवर्ड चुकला. सकाळीच बाबांनी सराव म्हणून नव्या पासवर्डला 'हो' म्हटलं होतं! मिरचीनं 'विसरलात?' दाबलं. भक्कम पासवर्ड सुचवू? हो. बाकी सगळ्यांना बाहेर काढू? हो.

"अगं, मला हाकललं!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. "थांब, मीही नवा घेते!"

"आई, नको! मी आत होते!"

"आता मी आहे! ...अगंबाई, नाहीये."

"जमलं!" हॉलमधून बाबा गरजले. "एकदम भक्कम पासवर्ड!"

"कोणता?"

"मला काय माहीत? लक्षात ठेवायचे नाहीत ना?"

मिरची हॉलमध्ये धावली, मागोमाग आई. "कुणी कशाला हात लावू नका! एकच जागा उरलीय!"

"उरली होती," बाबा ऐटीत म्हणाले. "मी घेतली!"

मिरचीनं सोफ्यावर उडी मारली आणि तिथूनच पडद्यावर नजर टाकली. नाव बाबांचं. वय अठ्ठेचाळीस.

"बाबा, माझं नाव?"

"त्यानं विचारलं, माहिती आपोआप भरू का? मग मी म्हटलं..."

"हो," मायलेकी एकदम म्हणाल्या.

मिरचीचे डोळे भरले. एवढ्यात बाबांचा फोन वाजला. बाबांनी घाबरून स्पीकरच लावला.

"मी नाटकाची दिग्दर्शिका. राजासाठी तुमच्या वयाचं कुणी मिळतच नव्हतं हो! उद्या याल का?"

लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना नमस्कार करतानाही बाबांना घाम फुटायचा. आता तर त्यांनी फोन हातभर लांब धरला.

"आणि राणी अजून ठरलेली नाही," बाई म्हणाल्या. "समोरून तिचे संवाद म्हणायला कुणाला घेऊन याल का?"

मिरची सोफ्यावर ताठ उभी राहिली. बाबांच्या खांद्याला कोपर टोचून कुजबुजली, "बाबा, त्यांनी विचारलंय!"

बाबांनी डोळे घट्ट मिटले.

"हो," ते म्हणाले.