कपाटातला रोल

फोकसरावांना ती बातमी कळली तो दिवस अगदी साधा होता. बुधवार. ऑफिसातून येऊन त्यांनी स्वतःपुरता चहा टाकला होता, तो अंमळ जास्त उकळला होता, आणि ते खिडकीशी उभे राहून एका जुन्या लेन्सच्या आत लागलेली बुरशी टॉर्चच्या उजेडात बघत होते. (बुरशी काढायची नव्हती. बघायचीच होती. गेल्या महिन्यापेक्षा वाढली की नाही, एवढंच.) तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, लॅबमधून बोलतोय. शनिवारी मशीन बंद करतोय."

"दुरुस्तीला काढलंत का?"

"कायमचं. रंगीत रोल आता आणतंच कोण? तुम्ही आणि आणखी एक आजोबा. आजोबा गेल्या महिन्यात गेले. तुमच्याकडे काही पडलं असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत आणा."

"काही नाही," असं म्हणायला फोकसरावांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर कपाटाच्या डोक्यावर गेली. तिथे एका मऊ फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्यात एक रोल होता, आणि त्या रोलमध्ये त्यांची बायको होती.

फोकसराव हे नाव त्यांना ऑफिसात पडलं. वीजबिलाच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसणारा हा गृहस्थ. समोर माणूस बोंबलत असला तरी हा मान एका बाजूला कलती करून त्याच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडलाय ते बघायचा. नाव घरी कळल्यावर बायकोने ते ताबडतोब उचललं. "अहो" आणि "फोकसराव" यांच्यामध्ये तिचे रागाचे सगळे अंश मोजता येत.

चारचौघांना वाटेल की ज्याच्या घरात इतके कॅमेरे त्याच्या बायकोचे फोटो ढिगाने असतील. इथेच तर सगळी गोम होती. फोकसराव फोटो काढत नसत, ते लेन्स तपासत. नवी (म्हणजे कुणीतरी विकलेली जुनी) लेन्स घरी आली की आधी समोरच्या इमारतीची भिंत, मग पुस्तकांचं शेल्फ, मग वर्तमानपत्राचं पान. ते पान धरून उभं राहायला बायको. त्यामुळे अल्बमच्या अल्बम भरले होते आणि त्यांत तिचे अंगठे होते, कोपर होतं, वर्तमानपत्राच्या वर आलेला अर्धा चष्मा होता. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मुलीने सगळी कपाटं उपसली. शेवटी मेहुणीच्या मोबाइलमधून एक निघाला. त्यात ती कुणाकडे तरी बघून हसत होती, आणि तो कुणीतरी फोकसराव नव्हते.

अपवाद हा एक रोल. त्या दिवशी वर्तमानपत्र आलं नव्हतं, म्हणून त्यांनी तिलाच खिडकीतल्या खुर्चीवर बसवलं. ट्रायपॉडचे पाय हलू नयेत म्हणून फरशीवर पिवळ्या टेपच्या तीन फुल्या मारल्या, खुर्चीच्या पायांनाही चार. आणि एकाच जागेवरून, लेन्सच्या प्रत्येक आकड्यावर, तिचे फोटो काढत सुटले.

"हलू नकोस."

"मी हलत नाहीये, बोलतेय."

"बोलूही नकोस."

"मग श्वास घेऊ ना, की त्यालाही परवानगी? आणि त्या फुल्या फरशीला चिकटल्या तर तुम्ही काढायच्या, सांगून ठेवते. अहो, ती डावीकडची चकती फिरत नाहीये आज. एरवी फिरते."

"तुला त्यातलं काय कळतं? हनुवटी खाली."

"बरं. पण शेवटचा एक दोघांचा काढायचा. कळ दाबून पळत येऊन बसता येतं ना त्यात?"

"टेस्ट होऊ दे. रोल संपता संपता काढू."

रोलमध्ये पाच फोटो उरले असताना दुधाचं भांडं आठवून ती उठली. ते पाच तसेच राहिले. पुढे तिला बरं वाटेनासं झालं, मग दवाखाने सुरू झाले, आणि मग तेही थांबले.

"बाबा, आहे तसा रिवाइंड करून देऊन टाका ना," मुलगी फोनवर म्हणाली.

"अर्धा रोल मी आजवर दिलेला नाही."

तत्त्व खरं होतं. बायको त्यावर म्हणायची, "उद्या मी गेले तरी तुम्ही म्हणाल, जरा थांब, अजून चार फोटो उरलेत." (हिशोबात ती एकाने चुकली.) पण तत्त्व ही वरची गोष्ट. आतली गोष्ट फोकसराव मुलीला सांगणार नव्हते. तो रोल पुरा झाला नव्हता तोवर तिचं काहीतरी अजून यायचं बाकी होतं.

आता मात्र शनिवार आला होता. सकाळी त्यांनी कॅमेरा खाली काढला आणि पाच फोटो सत्कारणी लावायला निघाले.

पहिला गेला शेजारच्या निवृत्त मास्तरांवर. जिन्यात कॅमेरा दिसताच मास्तरांनी छाती पुढे काढली, मिशीवर हात फिरवला, आणि नेमक्या क्षणी डोळे मिटले. "डोळे मिटले वाटतं. दुसरा घ्या." दुसरा घेतला. त्यात मिटले नाहीत, वटारले.

तिसरा मेहुणीचा. ती खालच्याच मजल्यावर राहायची आणि दर शनिवारी वर येऊन फोकसराव जिवंत आहेत ना ते बघून जायची.

"भाऊजी, नको हो, केस बघा माझे!" म्हणत तिने दोन्ही हात पुढे केले, आणि हातांचाच फोटो आला. लगेच ती कॅमेऱ्याच्या पाठीकडे आली. "दाखवा बघू."

"यात दिसत नाही."

"मग घेतलात कशाला दिसत नाही असा? डिलीट करा."

"तेही होत नाही."

"ताईने कसे दिवस काढले असतील तुमच्याबरोबर," ती म्हणाली, आणि कुकर चढवायला स्वयंपाकघरात गेली.

चौथा कुकरने घेतला. म्हणजे झालं असं, की स्वयंपाकघरातल्या उन्हाचा अंदाज घ्यायला त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, मेहुणीने चढवलेल्या कुकरने शिट्टी दिली, आणि त्यांचं बोट दचकलं. एरवी हेच बोट तासन्‌तास उजेडाची वाट बघत थांबायचं.

उरला एक. तो त्यांनी ठरवून ठेवला होता. पिवळ्या फुल्या फरशीवर तशाच होत्या. ट्रायपॉडचे पाय फुल्यांवर ठेवले, खुर्ची तिच्या फुल्यांवर ठेवली. सेल्फ-टायमर लावला, कळ दाबली आणि धावले. ट्रायपॉडला धक्का लागू नये म्हणून लांबून वळसा घेतला, पायपोसावरून घसरले, खुर्चीवर जवळजवळ आदळले. कॅमेऱ्याने खट्‌ केलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. (मास्तरांना हसायचा अधिकार गेला.)

रोल संपला. सवयीने त्यांनी फिल्म पुढे सरकवायची कळ ओढली. संपलेल्या रोलची कळ अडते, आपण ओढली तरी ती ऐकत नाही. ही सुरळीत सरकली. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा सरकली. आकडा पुढे जात राहिला.

फिल्मवर फोटो काढणाऱ्या माणसाला एकच गोष्ट स्वप्नात येऊन घाबरवते. रोलची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, पलीकडच्या रिळात नीट अडकत नाही, निसटते. वरचा आकडा इमानाने पुढे जातो, आत फिल्म आणि तिच्याबरोबर फिरणारी डावीकडची चकती जागच्या जागी बसून राहतात. नवशिक्यांना होतं हे. फोकसरावांनी नवशिक्यांना यावरून जन्मभर व्याख्यानं दिली होती.

खात्री करायची तर कॅमेरा उघडायला हवा, तोही मिट्ट काळोखात. त्यासाठी त्यांच्याकडे दोन बाह्यांची काळी पिशवी होती. ती मेहुणीने मागच्या आवराआवरीत जुन्या कपड्यांबरोबर देऊन टाकली होती. ("बाह्या होत्या, गळाच नव्हता हो! मला वाटलं शिंप्याने बिघडवलाय.") न्हाणीघराला झरोका होता. भरदुपारी घरात काळोखाची एकच जागा होती, बायकोचं कपडे टांगायचं मोठं कपाट. मुलगी आणि मेहुणी वर्षभर मागे लागल्या होत्या की ते एकदा उघडून आवरू या. फोकसराव दर वेळी विषय बदलत.

त्यांनी दार उघडलं, हँगर बाजूला सारले, कॅमेरा पोटाशी धरून आत उकिडवे बसले, आणि आतून दार ओढून फटीला एक शाल कोंबली.

बाहेर मुलगी आली होती. तिने हाका मारल्या. मग मेहुणीने सगळं घर पालथं घातलं.

"भाऊजी? कपाटात कोण आहे?"

"मी आहे. दार उघडू नकोस!"

"अगं ए, इकडे ये लवकर! तुझे बाबा ताईच्या कपाटात बसलेत!"

"बाबा? बाबा, काय झालं?"

"काही नाही झालं. फक्त उजेड येऊ देऊ नका."

दाराबाहेर मेहुणी कुजबुजली. तिची कुजबुज खालच्या मजल्यापर्यंत जायची. "ऐकलंस? उजेड नको म्हणतात. मी म्हणत नव्हते? एवढे दिवस मनात कोंडलं, आता स्वतःलाच कोंडलं."

"बाबा, हवं तेवढं रडून घ्या. आम्ही आहोत इथे."

"मी रडत नाहीये! कॅमेरा उघडतोय!"

"कॅमेरा उघडायला कपाटात कशाला बसायला हवं?" हा तिसरा आवाज मास्तरांचा. त्यांना कुणी बोलावलं कोण जाणे. "बोलत राहा त्यांच्याशी. अशा वेळी माणसाला बोलतं ठेवावं. काय हो, आज वार कोणता?"

"शनिवार! म्हणून तर घाई आहे!"

"घाई कसली म्हणतात हो हे?" मेहुणीचा आवाज चिरकला. "मास्तर, दार तोडा!"

"मावशी, थांब. दाराला कडीच नाहीये."

"हात लावाल तर याद राखा!" फोकसराव आतून ओरडले. खिडकीवर बसून आयुष्यभर लोकांचं ओरडणं ऐकलेल्या माणसाचा तो आवाज इतका मोठा निघाला, की बाहेर एकदम शांतता झाली.

त्या शांततेत त्यांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि बोटाने चाचपलं. उजवीकडचं रीळ रिकामं होतं. फिल्मची जीभ सुरुवातीलाच थोडी पुढे जाऊन निसटली होती, आणि शटरच्या मागे एकच तुकडा बसून राहिला होता. इतक्या सगळ्या फोटोंना मिळून तो एक चौकोन. बायको, तिच्यावर मास्तर दोनदा, मेहुणी, कुकर आणि स्वतः.

ती डावीकडची चकती फिरत नाहीये आज. एरवी फिरते.

त्यांनी जीभ डबीत गुंडाळली, पाठ मिटली. आता बाहेर यायला हरकत नव्हती. पण त्यांच्या खांद्यावर एका हँगरवरची बाही येऊन पडली होती, डांबराच्या गोळ्यांच्या मागे तिच्या पावडरचा वास अजून होता, आणि फोकसराव तसेच बसून राहिले. इतका वेळ बाहेरची मंडळी जे समजत होती, ते थोडं उशिरा खरं झालं.

"बाबा?" मुलगी हळूच म्हणाली. "उजेड चालेल का आता?"

"चालेल," ते म्हणाले. "पण मास्तरांना घरी पाठव."

रोल त्याच संध्याकाळी लॅबमध्ये पोचला. लॅबवाला आत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला, आणि त्याचा चेहरा मशीन बंद करण्याच्या दुःखापेक्षा वेगळा होता.

"साहेब, एकच फ्रेम आलीय. पण भरगच्च आहे. काळीठिक्कर होती, उजेड कमी-जास्त करत कशीबशी छापली."

फोटो धुक्यात काढल्यासारखा आला होता. खिडकी आणि खुर्ची लख्ख, कारण त्या जागच्या हलल्या नव्हत्या. खुर्चीत बायको. तीस-एक वेळा तशीच बसली होती म्हणून एकावर एक साचून ती खरोखरीच बसल्यासारखी दिसत होती. हनुवटी खाली, नजर सरळ फोकसरावांकडे. तोंड तेवढं पुसट होतं, कारण ते सगळा वेळ चालू होतं. पडद्यापाशी मास्तरांची मिशी तरंगत होती. मेहुणीचे दोन हात "नको" म्हणत होते. आणि बायकोच्या मांडीवर, डोळे मिटून, आदळल्या क्षणीचं तोंड करून, फोकसराव बसले होते.

बरोबर आलेल्या मेहुणीने चष्मा लावून तो नीट बघितला. "भाऊजी, दोघांचा काढा म्हणाली होती ताई. मांडीवर बसा नव्हती म्हणाली."

लॅबवाल्याने धंद्यातला माणूस म्हणून मत दिलं. "साहेब, माणसांत फोकस कुणावरच नाही. सगळ्यात सुरेख आलाय तो खालचा कुकर."

मेहुणीच्या मोबाइलमधला तो फोटो भिंतीवरून उतरवून तिथे हा लावलाय. रोज सकाळी चहा घेऊन फोकसराव त्याच्यासमोर उभे राहतात आणि तिच्या पुसट तोंडाकडे बघतात. ती काय म्हणतेय ते त्यांना पाठ आहे.

फरशीवरच्या फुल्या काढायच्या अजून राहिल्यात.