अर्धा सूर खाली

परिपत्रक काकांनी स्वतः लिहिलं होतं, स्वतः टाइप केलं होतं आणि स्वतःच चार टाचण्या मारून फलकावर लावलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायचं म्हटलं तरी दुसरं डोकं सापडत नव्हतं.

'सर्व सभासदांस कळवण्यात येते की, हंगामाच्या अखेरच्या कार्यक्रमातील तिन्ही कॉन्चेर्टो त्या काळच्या रीतीप्रमाणे, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली वाजवले जातील. सर्व सभासदांनी आपली वाद्ये त्याप्रमाणे लावून आणावीत.'

कॉन्चेर्टो म्हणजे एखाद-दोन वादकांनी पुढे उभं राहून वाजवायचं आणि बाकीच्यांनी मागे बसून त्यांना साथ द्यायची. काका एकतीस वर्षं बाकीच्यांत होते. ते व्हायोला वाजवत. व्हायोला हा व्हायोलिनचा थोरला भाऊ. अंगाने मोठा, आवाजाने जाड आणि घरात कुणी न विचारणारा. वाद्यवृंदात व्हायोला चार, त्यात काका चौथे. व्हायोलावाल्यांना वाजवायला फारसं नसतं असा सगळ्यांचा समज असल्याने स्वरलिपीच्या वह्या वाटणं, गोळा करणं आणि परिपत्रकं काढणं हेही काकांकडेच होतं.

यंदा काकांना साठ वर्षं पूर्ण होत होती आणि नियमाप्रमाणे हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. तेव्हा संचालकांना, म्हणजे हातात काठी घेऊन सगळ्यांपुढे उभे राहणाऱ्या गृहस्थांना, थोडी लाज वाटली आणि त्यांनी तीनशे वर्षांपूर्वीचा एक व्हायोलाचा कॉन्चेर्टो कार्यक्रमात घातला. तो खालच्या सुरात भरदार वाजतो, हे काकांनी महिनाभर संचालकांच्या कानीकपाळी ओरडून पटवलं. पटल्यावर संचालक ती कल्पना आपलीच आहे असं सगळ्यांना सांगू लागले. काकांची त्याला हरकत नव्हती.

काकांना टाळ्या नको होत्या असं नाही, हव्याच होत्या. पण त्याहून जास्त हवं होतं ते काकूंना एकदा ऐकवणं. काकू इतक्या वर्षांत डझनावारी कार्यक्रमांना आल्या होत्या, आणि बावीस जणांच्या आवाजात नवऱ्याचा आवाज कुठला हे त्यांना कधी कळलं नव्हतं. घरी सराव चाले तो तारांवर आवाज दाबणारा रबराचा चाप बसवून. लग्नाच्या पहिल्याच वर्षी खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना तसा शब्द दिलेला होता. त्यामुळे काकूंच्या लेखी व्हायोलाचा आवाज म्हणजे पलीकडच्या खोलीत अडकलेला डास. यंदा काका त्यांना म्हणाले होते, "पुढे उभा असेन मी. एकटा. या वेळी ऐकशील." काकूंनी भावाच्या अख्ख्या कुटुंबाला बोलावलं आणि नऊ खुर्च्या राखून ठेवल्या.

कार्यक्रम पाचला होता. दुपारी दोन वाजता पाहुण्या बाई स्टेशनवरून थेट सभागृहात आल्या. बासरीचा कॉन्चेर्टो त्यांचा होता, जाहिरातीत फोटो त्यांचा होता आणि तिकिटं खपली होती तीही त्यांच्यामुळेच. त्यांनी डबी उघडली. आत चांदीची नवी कोरी बासरी होती.

मंचावर हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोचा तारांचा पूर्वज, लावून तयार होता. त्यासाठी ट्यूनर, म्हणजे त्याच्या तारा सुरात लावणारा माणूस, सकाळपासून राबला होता. हार्प्सिकॉर्डवाली मुलगी पट्ट्यांवर बोटं ठेवून बसली होती. पाहुण्या बाईंनी पहिला सूर फुंकला, मुलीने तोच सूर दाबला आणि सगळ्या वाद्यवृंदाने एकदम दात आवळले.

"हे काय आहे?" पाहुण्या बाई म्हणाल्या.

"आपण सगळं अर्धा सूर खाली वाजवतोय," संचालक म्हणाले. "माझीच कल्पना."

"मला कुणी सांगितलं नाही."

"परिपत्रक काढलं होतं!"

"कुणाला?"

सगळ्यांच्या माना फलकाकडे वळल्या. 'सर्व सभासदांस.' पाहुण्या बाई सभासद नव्हत्या. पाहुणा सभासद नसतो, म्हणूनच तो पाहुणा असतो. एवढी साधी गोष्ट एकतीस वर्षं परिपत्रकं काढणाऱ्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना काकांनी तो चार टाचण्यांनी पक्का केला होता.

"बासरी जरा खाली नाही का उतरवता येणार?" काकांनी चाचरत विचारलं.

"खाली वाजणारी लाकडी आहे ना माझ्याकडे," पाहुण्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "घरी. रेल्वेने सहा तास."

म्हणजे सूर वर न्यायचा तो हार्प्सिकॉर्डचा. नव्या वाद्यांत म्हणे पट्ट्या बाजूला सरकवल्या की काम भागतं. हे वाद्य तसलं नव्हतं. संचालकांनी ट्यूनरला बोलावलं.

"सगळंच वर वाजवलं तर माझ्या कल्पनेचं काय राहिलं? आपण असं करू. व्हायोलिनच्या जोडीचा कॉन्चेर्टो आणि काकांचा, दोन्ही खालच्या सुरात. मग मध्यंतर. त्या वीस मिनिटांत तुम्ही हे वर घ्या, मग बासरी."

"वीस मिनिटांत?" ट्यूनर म्हणाला. "साहेब, हे वाद्य आहे. पाण्याचा नळ नाही, पिळला की वर यायला. पाऊण तास लागेल. आणि तेव्हा आजूबाजूला कुणी खोकायचंसुद्धा नाही."

वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिलं. साडेसातला सभागृह रिकामं करून द्यायचं होतं, कारण पुढे एका कंपनीचा बक्षीस समारंभ होता आणि त्यांची माणसं फुगे घेऊन आताच दारात येऊन बसली होती. "पाऊण तास कुठून आणू?" ते म्हणाले. "काहीतरी गाळावं लागेल."

काय गाळायचं हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही. पाहुण्या बाई गाळता येत नव्हत्या. व्हायोलिनच्या जोडीतला एक जण अध्यक्षांचा जावई होता. उरलेल्या एका माणसाकडे सगळे अशा नजरेने बघू लागले, जशी आपण अडचणीच्या घरातल्या जुन्या कपाटाकडे बघतो.

"काका," संचालक मायेने म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे."

काकांचं मन त्या क्षणी मुळीच मोठं नव्हतं. "नऊ माणसं येतायत माझी," ते म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा फार बारीक निघाला.

तेव्हा हार्प्सिकॉर्डवाली पोर मध्ये पडली. "काकांच्या कॉन्चेर्टोत मी नसले तरी चालेल ना? नुसती साथच आहे माझी. जोडी वाजवून झाली की हा आतल्या खोलीत नेऊ. दार लावून घेऊ. तिथे सूर वर चढतील, इकडे काका वाजवतील."

काकांनी त्या मुलीला मनातल्या मनात दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला. संचालकांनी मान डोलावली आणि ही कल्पनाही आपल्या नावावर लावून घेतली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. पण लग्न लागणार होतं.

पाचला दिवे मंद झाले. व्हायोलिनची जोडी वाजली, जावयाला टाळ्या पडल्या. मग चौघा जणांनी हार्प्सिकॉर्ड उचलला आणि बोहल्यावरून नवरी पळवावी तसा आत नेला. प्रेक्षक चुळबुळले. हे काय चाललंय ते सांगितलं पाहिजे असं व्यवस्थापकांना वाटलं. त्यांना नेहमीच काहीतरी सांगितलं पाहिजे असं वाटे. ते माइक आणि एक चिठ्ठी घेऊन मंचावर आले.

"रसिकहो, पुढचा बासरीचा कॉन्चेर्टो वेगळ्या सुरात असल्यामुळे सूर लावण्याचं काम आता सुरू होत आहे. त्याला अंदाजे पाऊण तास लागेल. बाहेर चहा-कॉफीची सोय आहे. तसदीबद्दल क्षमस्व."

एवढं बोलून ते गेले. मधल्या पाऊण तासात काका आहेत हे सांगायचं राहून गेलं, कारण चिठ्ठीच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते त्यांनी पाहिलं नाही. दिवेवाल्याने 'चहा' हा शब्द ऐकला आणि प्रेक्षागृहातले सगळे दिवे लावले. खुर्च्या धाडधाड मिटू लागल्या.

काका बाजूच्या पडद्याआडून पुढे आले तेव्हा तीनशे माणसं त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. ते मंचाच्या मधोमध येऊन वाकले. पहिल्या रांगेतला एक म्हातारा त्यांच्याकडे तोंड करून होता, पण तो खुर्चीखाली चष्म्याचं घर शोधत होता.

"काका, थांबायचं का?" संचालक ओठ न हलवता म्हणाले.

"कशासाठी?"

"लोक येऊ देत परत."

"परत येतील तेव्हा बासरी असेल," काका म्हणाले. "वर करा ती काठी."

संचालकांनी काठी वर केली. पहिला भाग सुरू झाला. दारांपाशी रेटारेटी चालली होती. कुणीतरी कुणाला "दोन साखर!" असं ओरडून सांगत होतं. आतल्या खोलीच्या दारामागून ट्यूनर एकेक तार चढवत होता, तिचा टण् टण् असा आवाज येत होता. त्यामुळे जे थोडेफार लोक बसून राहिले होते त्यांचीही खात्री पटत होती की सगळीकडे सूर लावणंच चाललं आहे. एका बाईंनी तर शेजारणीला समजावून सांगितलं, "हे मधले काका बाकीच्यांना सूर देतात. म्हणून उभे असतात."

काकांना ते ऐकू आलं. कान एकतीस वर्षं तयार झालेला होता, नको ते आधी ऐकू येई. राग आला, आणि रागाने हात मोकळा झाला. दुसरा संथ भाग सुरू झाला तेव्हा सभागृहात चाळीसेक माणसं उरली असतील. काकांनी कुणाकडे पाहिलं नाही. गज तारेवर ठेवला आणि आजवर चौथ्या खुर्चीवरून जे जे वाजवता आलं नव्हतं ते सगळं त्या एका भागात वाजवलं. मागचे तिन्ही व्हायोलावाले आपापल्या वह्या सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. असं काकांच्या हातून पूर्वी कधी वाजलं नव्हतं आणि पुन्हा वाजणार नव्हतं. हे त्यांना वाजवतानाच कळत होतं आणि ते फार वाईट होतं.

शेवटचा भाग वेगवान होता. त्यात लोक कप घेऊन परत येऊ लागले. काकांनी शेवटचा सूर ओढला आणि गज खाली घेतला.

कुणी काही केलं नाही. कपांचा आवाज झाला. तेवढ्यात व्यवस्थापक माइक घेऊन धावत आले. "रसिकहो, सूर लागले आहेत!" आतून चौघे हार्प्सिकॉर्ड घेऊन आले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ट्यूनर घाम पुसत मागून आला, त्याला वेगळ्या टाळ्या पडल्या. त्याने दोनदा वाकून नमस्कार केला. काकांना स्टँड उचलून वाट करून द्यावी लागली. मग ते मागे जाऊन आपल्या चौथ्या खुर्चीवर बसले, तारा अर्धा सूर वर घेतल्या आणि बासरीला साथ देऊ लागले. बासरी उत्तम झाली. तीही तशी झाली नसती तर काकांना जरा बरं वाटलं असतं.

साडेसातला बाहेर मेहुण्याने काकांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "भाऊजी, बासरी झकास! तुमचं रद्द झालं का हो? आम्ही सामोसे सोडून धावत आलो, तर ती मोठी पेटी मंचावर आणत होते."

"वेळ कमी पडला," काका म्हणाले.

"चालायचंच. पुढच्या वर्षी!" आणि मेहुण्याचं कुटुंब गाडीत भरून निघून गेलं. गाडीत जागा नव्हती म्हणून काका आणि काकू चालत बसस्टॉपवर आले.

"चहा बरा होता का?" काकांनी विचारलं.

"मी कुठे गेले चहाला? नऊ खुर्च्यांवर सगळ्यांच्या पिशव्या. मीच बसले राखण करत."

काकांनी वळून पाहिलं. "म्हणजे आतच होतीस?"

"मग! सगळं ऐकलं. अहो, मधे ते संथ वाजवत होतात ना, त्या वेळी मला भरूनच आलं. म्हटलं, हा माणूस नुसते सूर लावताना हे असं वाजवतो, याला खरं वाजवायला मिळालं असतं तर काय केलं असतं!"

"तेच खरं होतं," काका म्हणाले. "तोच माझा कॉन्चेर्टो. सगळा झाला. तिन्ही भाग."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा पाहिलं.

"अहो, मी टाळी वाजवणार होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही गज खाली घेतलात तेव्हा हातसुद्धा वर केले होते. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून माझं मनगट धरलं. म्हणाल्या, सूर लावताना टाळ्या वाजवत नसतात, लोक हसतात. मला वाटलं, यांना माहीत असेल."

"मग?"

"मग हात खाली घेतले."

काका व्हायोलाची पेटी खाली ठेवून काकूंच्या समोर सरळ उभे राहिले.

"आता वाजव."

काकूंनी पिशवी बाकावर ठेवली. हात वर आणले. स्टॉपवर सात-आठ माणसं होती, त्यातली दोघं वळून पाहू लागली.

"इथे नको," काकू हळूच म्हणाल्या आणि त्यांनी पदर सारखा केला. "लोक बघतायत."

तेवढ्यात बस आली. गर्दी होती. काकांनी पेटी छातीशी धरली आणि काकूंना आधी चढू दिलं.