झाड क्रमांक ४१८

फेब्रुवारीत नगरपरिषदेने आमच्या घराला झाड म्हणून मान्यता दिली.

चूक माझी होती. हरित घर योजनेचा अर्ज मीच भरला होता. घरपट्टीत सूट मिळायला साठ गुण पुरत होते आणि गच्चीवरचं सोलर, पावसाच्या पाण्याचा शोषखड्डा, मागची गांडूळखताची टाकी एवढ्यावरच ते केव्हाच झाले होते. पण रिकामा रकाना दिसला की मला धडधडतं. शाळेपासूनचं आहे ते. शेवटचा रकाना ‘पक्ष्यांचा अधिवास’ असा होता. मीटरच्या पेटीवर बुलबुलाने घरटं केलं होतं, त्याचा फोटो काढून जोडला. एकूण गुण एकशे एक झाले. शंभराच्या पुढे घर हे घर राहत नाही, झाड होतं, असं परिपत्रकाच्या मागच्या पानावर छापलं होतं. मी पुढचंच पान वाचलं होतं.

वृक्ष अधिकारी इंगवले स्वतः आले. बरोबरच्या माणसांनी भिंतीला तीन फुटांपर्यंत गेरू लावला, त्यावर चुन्याचा पट्टा ओढला आणि दाराशेजारी पत्र्याचा बिल्ला ठोकला. ४१८. प्रत्येक घावाला मी दचकत होते.

“घाबरू नका ताई,” इंगवले म्हणाले. “झाडाला फार चांगलं संरक्षण असतं. आता याला कोणी हात लावू शकत नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

“आणि आम्ही?” बाबांनी विचारलं.

“तुमची नोंद करून घेतो ना. पक्षी, खार की बांडगूळ?”

“यांना बांडगूळ लिहा,” आई आतून म्हणाली. “रिटायर झाल्यापासून खुर्ची सोडलेली नाही.”

इंगवल्यांनी तसंच लिहिलं. आई पक्षी झाली. माझ्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि मला खारीत टाकलं.

बाबा पोस्टात होते. प्रत्येक बढतीला एक खोली, अशी त्यांनी बत्तीस वर्षांत ती वास्तू उभी केली होती. वरची गॅलरी तर निवृत्तीच्या वर्षी झाली. बिल्ला लागल्यावर खिळा मारायची बंदी आली, कॅलेंडर जमिनीवर आलं. एवढंच, असं आम्हाला वाटलं.

जूनमध्ये दारावर नोटीस चिकटली. बाह्यवळण रस्त्याच्या कामात अडथळा ठरणारे झाड क्रमांक ४१८ तोडण्यात येणार असून हरकती सात दिवसांत नोंदवाव्यात. रस्ता खरं तर समोरच्या ओळीतून जायचा होता. पण समोर घरं होती. घर पाडायचं म्हणजे मोबदला, कोर्ट, दहा वर्षं. झाडाला ती भानगड नसते. म्हणून रस्ता आमच्याकडे वळवला.

मी सात पानांची हरकत लिहून सुनावणीला गेले. बाबाही आले होते.

“हरकत कोणाची?” इंगवल्यांनी विचारलं.

“माझी.”

“तुम्ही नोंदीत खार आहात. हरकत फक्त नागरिकांना घेता येते.”

“मी नागरिकच आहे की, सर.”

“पत्ता?”

मी पत्ता सांगितला. त्यांनी रजिस्टर उलटं करून माझ्यासमोर धरलं. “हा तर झाडाचा पत्ता आहे, ताई.”

बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. “साहेब, उपटून दुसरीकडे तरी लावा. पुनर्रोपण म्हणतात ना ते.”

“पाहणी केली, काका. मुळं फार खोल गेलीत तुमची. जगायचं नाही.” इंगवल्यांचा आवाज खरोखर मऊ झाला. “पण एकाच्या बदल्यात पाच लावतो आम्ही. नियमच आहे.”

मंगळवारी सकाळी आधी फांद्या छाटल्या, म्हणजे गॅलरी आणि गच्ची. मग खोड. आई रस्त्यापलीकडे गॅसवरून उतरवलेला कुकर घेऊन उभी होती. त्याची वाफ जिरायच्या आत स्वयंपाकघर गेलं.

पाच रोपं कचरा डेपोच्या मागच्या उतारावर लावली. प्रत्येक फूटभर उंचीचं, एक दार, एक खिडकी, भोवती नगरसेवकाच्या नावाची लोखंडी जाळी. बाबा भाड्याच्या खोलीतून रोज सकाळी पाण्याचा कॅन घेऊन तिकडे जायचे. नगरपरिषदेच्या माळीणबाई, शेवंताबाई, त्यांना हसायच्या.

“भाऊ, लेकरावानी करता की हो.”

“राहायला कधी होईल?” बाबांनी एकदा विचारलं.

“पहिली खोली धरायला सात-आठ वर्षं. टँकर वेळेवर आला तर.” त्यांनी पाइप दुसऱ्या रोपाकडे वळवला. “गच्ची आलेलं मी तरी नाही बघितलं कधी.”

बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

दिवाळीपर्यंत दोन रोपं वाळून तडकली. एक शेळ्यांनी छपरापासून खाल्लं. एक जाळीसकट चोरीला गेलं. जानेवारीत इंगवले तपासणीला आले आणि त्यांनी ‘जगलेली: एक’ असं लिहिलं. बाकीच्या वॉर्डांत तेवढंही नाही म्हणाले.

त्या दिवशी आई पहिल्यांदा आली. मी सगळ्या वाटेत मनातल्या मनात तिची माफी मागत होते. तिने रोपाशी चपला काढल्या, गुडघे धरत खाली बसली आणि दारातून हात आत घातला. चार बोटं तेवढी गेली.

“स्वयंपाकघर डावीकडंच आलंय,” ती म्हणाली.

“खुर्ची मावेल का बघ,” बाबा म्हणाले.

“माझा अंगठा मावेना अजून.”

“डेपोचं गेट लावते हो!” शेवंताबाई वरून ओरडल्या.

आईने हात बाहेर काढला, पदराला पुसला. मग तिने दार लोटून घेतलं, आणि त्याला कडी नव्हती म्हणून बाहेरून एक खडा टेकवून ठेवला.