सुगंधाबाईंची कात

एका जंगलात, मुलांनो, एक धामण राहायची. नाव सुगंधाबाई. कात अंगाला घट्ट होऊ लागली की त्या ती टाकायच्या, तुम्ही आखूड झालेला सदरा टाकता तशी.

एकदा त्यांनी करवंदीच्या जाळीत कात टाकली आणि नव्या, चकचकीत अंगाने ओढ्यापलीकडे मावशीकडे राहायला गेल्या.

त्याच जंगलात एक बगळा होता. तो कलावंत होता. एका पायावर उभा राहून तो मरणाचा विचार करायचा. मासे नेमके तेव्हाच जवळ यायचे. त्याला ती कात दिसली आणि त्याचा गळा दाटून आला. बगळ्याचा गळा लांब असतो, त्यामुळे दाटायला बराच वेळ लागला.

त्याने कात फांदीवर पसरली. सुगंधाबाईंच्या बिळातून त्यांचं पाल्याचं अंथरूण आणलं, अर्धं खाल्लेलं अंडं आणलं. सगळं नीट मांडून प्रदर्शनाला नाव दिलं, 'देह सुटला'.

सगळं जंगल लोटलं. ससे रडले. उंदीरही रडले, पण जरा लांब उभे राहून. त्यांची अजून खात्री पटत नव्हती.

काही दिवसांनी सुगंधाबाई परतल्या. बिळात अंथरूण नाही. शोधत शोधत त्या प्रदर्शनात पोचल्या.

"हा पाला माझा आहे," त्या बगळ्याला म्हणाल्या. "बिळात फार गारठा आहे हो."

"आपण कोण?"

"ही कात माझीच."

"कात जिची, त्या बाई गेल्या."

"मावशीकडे गेले होते."

बगळ्याने त्यांना बाजूला घेतलं. "तुम्ही जिवंत आहात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग या अंड्याला अर्थ काय राहिला?"

"उरलेलं मी संध्याकाळी खाणार होते."

"बघा. किती सामान्य करून टाकलंत त्याला."

सुगंधाबाई चिडल्या. सगळ्यांसमोर फणफणून त्यांनी फुत्कार टाकला.

"नाही जमला," एक माकड म्हणालं. "बाईंचा खरा फुत्कार ऐकलाय मी."

आता मात्र त्या रडकुंडीला आल्या. तेवढ्यात त्यांना घोरपडवहिनी दिसल्या. वहिनी शेजारच्या बिळातल्या. मागे एका अंड्यावरून भांडण झालं, तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं. आता वहिनी कातीसमोर डोळे पुसत होत्या.

"फार मायाळू बाई," वहिनी म्हणत होत्या. "चूक माझीच होती. आता सांगू कुणाला?"

'मला सांगा' असं सुगंधाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वहिनींचं बोलणं अजून संपलं नव्हतं, आणि पुढे आणखी चांगलं काही येईल असं वाटत होतं. त्या हळूच वहिनींच्या शेजारी वेटोळं घालून बसल्या आणि स्वतःच्या जाण्यावर पोटभर रडल्या.

शेवटी वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"अगदी आमच्या सुगंधाबाईंसारख्या दिसता हो," त्या म्हणाल्या. "पण त्या स्वभावाने चांगल्या होत्या."

तात्पर्य : मुलांनो, आपण जिवंत आहोत हे चारचौघांत सांगत फिरू नये. लोकांचा विनाकारण हिरमोड होतो.