हातचा एक

कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या भालेरावकाकांनी माझं नाव विचारलं नाही. दारावरचा सतरा आकडा पाहिला आणि म्हणाले, "सतरा अन् एकाहत्तर, अठ्ठ्याऐंशी. गरीब घर आहे. एकाच बेरजेत सरळ येतं."

काका नाशिकच्या बस डेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवायचे. आकडा दिसला की तो उलटा करून त्याच्यातच मिळवायचा, येईल तो पुन्हा उलटा करून मिळवायचा, आणि दोन्हीकडून वाचलं तरी तेच, असा आकडा येईपर्यंत थांबायचं नाही, हा त्यांचा धर्म. नांदगावची गाडी लागली की लोक जागा धरायला धावत, काका नंबरप्लेटकडे. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मुलीचं वय तेवढं विचारलं. "तेवीस बत्तीस पंचावन्न! घ्या करून." घेतलं करून. तक्रार नाही.

"आपण मराठी माणसं आकडा उलटाच बोलतो," ते म्हणत. "आधी तीन, मग वीस." राग फक्त एकोणनव्वदावर. "लेकाचा धड सरळ नाही, धड उलटा नाही. नव्वदाला एक कमी म्हणे!" तो आणि त्याचा उलटा भाऊ अठ्ठ्याण्णव सोडले, तर बाकी सगळे दोन आकडी फार तर सहा बेरजांत शरण येतात. "दोन वर्षं झाली, हा काही येत नाही."

काकांना जमत नाही म्हटल्यावर मला चेव आला. माझं कॅल्क्युलेटर आठ आकड्यांवर हात टेकायचं, म्हणून एक रविवार रेघांच्या कागदावर घालवला. चोविसाव्या बेरजेला ८८१३२०००२३१८८ आला. मी उड्या मारतच शेजारी गेलो.

काकांनी कागदाची शांतपणे घडी घातली. "मला माहीत आहे. ओरडू नका." टेबलावर इगतपुरीच्या पत्त्याचं एक पोस्टकार्ड होतं. त्यावर तेविसावी बेरीज, बाकी अक्षर नाही. मी माझ्या कागदाशी ताडून पाहिली.

"काका, इथे एककातला हातचा राहिला."

"राहिला नाही. राखलाय."

इगतपुरीला त्यांचा धाकटा भाऊ बाळू रेल्वेत होता. वडील शेवटी कुणाकडे राहणार यावरून दोघांचं बिनसलं. वडील गेले, तरी बोलणं बंद ते बंदच. दोन वर्षांपूर्वी काकांनी कार्डावर नुसती एकोणनव्वदाची पहिली बेरीज लिहून पाठवली. लहानपणचा खेळ. बाळूने दुसरी पाठवली. तेव्हापासून आळीपाळीने एकेक.

"ही बरोबर दिली, तर पुढच्याच बेरजेला सरळ येतो. मग बाळू कशाला लिहील मला?"

"आणि त्याने चूक पकडली तर?"

"तर संपलंच."

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो. त्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

कार्ड गेलं. तीन आठवडे काका कुठल्याच आकड्याबद्दल बोलले नाहीत. मग उत्तर आलं. चष्मा डोळ्यांवर असूनही त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच बघा."

बाळूने काकांचा चुकीचाच आकडा उलटा करून मिळवला होता. दशकात नऊ आणि आठ सतरा. सात लिहिले होते, हातचा एक पुढे घेतलाच नव्हता.

"चुकलंय," मी म्हणालो.

काका खुर्चीत बसले. बराच वेळ त्या सातावरून बोट फिरवत राहिले.

"शाळेत माझा चुकायचा," ते म्हणाले. "बाळूचा हातचा कधीच चुकला नाही हो."